अंडरटेकरचे सुरुवातीचे सामने म्हणे रटाळ!

जुनी केबल

'बारा टक्के' यांच्या कालच्या लेखाखाली दोन ओळी टाकून सोडून देणार होतो, पण नाही जमलं. म्हणून वेगळा धागा.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी: साहेबांनी यूट्यूबवर डब्ल्यूडब्ल्यूएफ (आजची डब्ल्यूडब्ल्यूई) या अमेरिकन कुस्तीतल्या अंडरटेकरचे 1990-91चे सामने एका बैठकीत पाहिले आणि निकाल देऊन टाकला. म्हणे हा माणूस तेव्हा नुसता उभा राहायचा, तीन डाव यायचे, समोर सगळे किरकोळ, आणि आपण पोरं उगाच घाबरलो. खरा अंडरटेकर म्हणे 2009चा, शॉन मायकल्सबरोबरचा. आधीचं सगळं पावडर-काजळ.

डाव येत नव्हते हे साफ खोटं आहे. डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये येण्याआधी हाच मार्क कॅलवे (अंडरटेकरचं खरं नाव) डब्ल्यूसीडब्ल्यू या दुसऱ्या कंपनीत 'मीन मार्क' म्हणून खेळत होता, मॅनेजर पॉल हेमन. 7 जुलै 1990चा बाल्टिमोरचा लेक्स लुगरबरोबरचा सामना काढून बघा. साडेसहा फुटांच्या वरचा माणूस, आणि वरच्या दोरीवरून चालायचा. ज्या 'ओल्ड स्कूल'वर आपण पुढे जीव टाकला ते तेव्हाचंच, डॉन जार्डिनकडून घेतलेलं. हालचाल भरपूर, पण प्रेक्षक ढिम्म. तुला बघायला कोणी पैसे मोजणार नाही, असं तिथल्या वरिष्ठांनी तोंडावर सांगितल्याचं तो स्वतः मुलाखतींत सांगतो.

मग चार महिन्यांनी, 22 नोव्हेंबर 1990, हार्टफर्ड, सर्व्हायव्हर सिरीज. टेड डीबियासीच्या टीममधला चौथा गडी कोण हे गुपित ठेवलेलं. पुढे लालबुंद तोंडाचा, पांढऱ्या सुटातला त्याचा मॅनेजर ब्रदर लव्ह आणि मागे हा. काळी हॅट, लांब कोट, राखाडी हातमोजे. समालोचनाला गोरिला मॉन्सून आणि रॉडी पायपर. पायपरसारखा तोंडाळ माणूस त्याचा आकार बघूनच गडबडतो. आता तो काय काय करत नाही ते बघा. पळत नाही. गर्दीकडे बघून हातवारे करत नाही. मार बसला तरी चेहरा हलत नाही. कोको बी. वेअरला टूमस्टोन, म्हणजे उलटा धरून डोक्यावर आपटणं, विषय संपला. मग डस्टी ऱ्होड्स बाद. आणि हा स्वतः बाहेर कसा जातो? डस्टी ब्रदर लव्हच्या अंगावर धावून जातो, हा त्याच्या मागे रिंगबाहेर, आणि वेळेत परत न आल्यामुळे बाद, काउंट आउट. पहिल्या रात्री त्याची पाठ टेकवून तीन मोजायची वेळच कोणावर येऊ दिली नाही.

माणूस तोच, येणारे डाव तेच. त्यातलं निम्मं गाळल्यावर लोक बघायला लागले. हे ज्याला दिसत नाही त्याने डाव मोजत बसावं.

बारा टक्के

वा! 'काय करत नाही ते बघा.' आमच्या सोसायटीचा वॉचमनही काही करत नाही, त्यालाही हॉल ऑफ फेममध्ये घ्या.

केबलराव, तुम्ही एक रात्र निवडली आणि तिच्यावर प्रवचन केलंत. मी दर आठवड्याचे टीव्हीवरचे सामने पाहिले. एक कोणीतरी बिचारा, पोट सुटलेला, निळ्या चड्डीतला. दोन मिनिटं गळा दाबणं, टूमस्टोन, छातीवर हात ठेवून डोळे पांढरे, मग त्याला पोत्यात घालून नेणं. पुढच्या आठवड्यात परत तेच, फक्त चड्डीचा रंग वेगळा.

आणि जाणूनबुजून कमी करत होता म्हणता, तर 1993च्या रेसलमेनियात जायंट गोन्झालेझबरोबर काय झालं? आठ फुटी म्हणून विकलेला माणूस, अंगावर केस रंगवलेला सूट, आणि शेवट काय तर क्लोरोफॉर्मचा रुमाल! डिसक्वालिफिकेशन! ते बघून पण म्हणा, संयम आहे.

रिमोटवाली

गोन्झालेझच्या सामन्याचा बचाव कोणीच करू नये, अंडरटेकरच्या आईनेही.

पण 'उगाच घाबरलो' हे नाही पटत. आमच्या वाड्यात संडास मागच्या अंगणात होता. रविवारी शेजारच्या काकांकडे केबलवर त्याच्या एंट्रीचा तो घंटेचा आवाज झाला की त्या रात्री माझा चुलतभाऊ एकटा मागे जायचा नाही. मी कंदील धरून उभी, आणि आतून दर मिनिटाला 'आहेस ना गं ताई?' हा भाऊ आज पोलिसात आहे. आणि शाळेत तर पक्कं ठरलेलं होतं की अंडरटेकर सात वेळा मरून आलाय. मूळ 1994च्या रॉयल रम्बलमध्ये असावं. योकोझुनाबरोबर कॅस्केट मॅच, दहा जणांनी मिळून शवपेटीत कोंबला आणि मग पडद्यावर तो वर जाताना दाखवला. त्याच वर्षी समरस्लॅममध्ये दोन अंडरटेकर! त्यातला खोटा ब्रायन ली, आणि अक्षयकुमारच्या सिनेमातला अंडरटेकरही तोच. आम्ही मात्र अक्षयने खऱ्यालाच उचलला म्हणून महिनाभर भांडत होतो.

दुसरं, तुम्ही दोघं पाहताय कुठल्या प्रतीत? चौकोनी चित्र ताणून रुंद केलेले व्हिडिओ फिरतायत, त्यात तो फ्रिजसारखा दिसतो. काही प्रतींत तर कोपऱ्यातली खूण धूसर केलेली आहे. 2002ला त्याच अक्षरांच्या, प्राणी वाचवणाऱ्या संस्थेने कोर्टात डब्ल्यूडब्ल्यूएफ हे नाव काढून घेतलं, तेव्हापासून 2012पर्यंत जुन्या चित्रणात ती अक्षरं पुसायचे. असल्या घाणीत बघून रटाळ म्हणायचं, हा अन्याय आहे.

लालमाती

वाचतोय मगापासनं. चाळीशीतली माणसं नुरा कुस्तीवर रात्र जाळतायत. निकाल आधी ठरलेला, त्याला घाम कसला आन संयम कसला.

खाशाबा जाधवांनी 1952ला हेलसिंकीला ब्राँझ आणलं. जायला पैसे नव्हते. राजाराम कॉलेजच्या खर्डेकर सरांनी स्वतःचं घर गहाण टाकून 7000 रुपये उभे केले. अर्जुन पुरस्कार मिळाला तोबी मरणोत्तर. त्याच्यावर किती धागे काढलेत हो तुम्ही? कोको वेअर कितव्या मिनिटाला पडला ते तोंडपाठ.

आमच्या तालमीतली पोरं पहाटे चारला उठून जोर मारत्यात. दूध, बदाम, तूप, खुराकाचा महिन्याचा खर्च ऐकला तर झोप उडंल. बापानं रान विकलेली पोरं बघितलीत मी. आन तुम्हाला डोळे पांढरे करणाऱ्याचं कौतुक.

जुनी केबल

लालमाती, खाशाबांबद्दल कोणाचं दुमत आहे? पण तुम्हीच सांगा, खासबागेत दोन तगडे पैलवान अर्धा तास खडाखडी करतात, एकही डाव पडत नाही, तेव्हा तुम्ही त्याला रटाळ म्हणता का?

लालमाती

म्हणतो की! शिट्ट्या मारतो. पंच ताकीद देतो. बरोबरीत सोडवली तर मैदानात आरडाओरडा हुतो. तुम्ही कधी मैदानाला गेलाय का नुसतं ऐकून लिवताय?

वरळीचा नातू

नुरा म्हणून नाक मुरडणाऱ्या कोल्हापूरकरांना एक प्रश्न. दारासिंगला काय म्हणता?

माझे आजोबा वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमात दारासिंग आणि किंगकाँग नावाच्या मल्लाची कुस्ती बघायला जायचे. गिरणीत होते, पगाराच्या दिवशी तिकीट ठरलेलं. 1968ला मुंबईत त्याने लू थेझला हरवलं, त्या रात्री चाळीत पेढे वाटले. आता लू थेझ कोण? अमेरिकेतल्या व्यावसायिक कुस्तीचा अनेक वर्षांचा चॅम्पियन. म्हणजे अंडरटेकर ज्या धंद्यात आला त्याच धंद्याचा. तिथे निकाल आधी ठरतो, असं तुम्हीच म्हणताय. मग त्या रात्रीचा निकाल काय आकाशातून पडला?

लालमाती

दारासिंगवर घसरायचं काम न्हाई. तो मातीतला पैलवान हुता.

वरळीचा नातू

मातीतला होताच. थेझही अस्सल होता, भल्याभल्यांना खरोखर गुंडाळू शकायचा. मी ताकदीबद्दल बोलतच नाहीये. किंगकाँग दोनशे किलोच्या घरातला, दर काही महिन्यांनी त्याच दारासिंगशी, कधी मुंबईत कधी दुसऱ्या शहरात, आणि प्रत्येक वेळी 'शेवटची झुंज'. इतक्या शेवटच्या झुंजी खऱ्या असत्या तर दोघांपैकी एक तरी लवकर गेला असता.

लालमाती

तुमच्या आजोबांना विचारायचं हुतं हे तोंडावर.

वरळीचा नातू

विचारलं होतं. म्हणाले, 'मला काय कळत नाही होय? पण त्याने किंगकाँगला खांद्यावर घेतला तेव्हा मी उभा राहिलो होतो, आणि माझ्याबरोबर सगळं स्टेडियम.'

लालमाती

आजोबा मोठे, म्हणून गप बसतो. पर 1959ला कलकत्त्यात गॉर्डिएन्को पैलवानाला पाडून कॉमनवेल्थचा किताब जिंकलेला माणूस आन तुमचा पोत्यात माणसं भरणारा, एका तागडीत घालू नका.

बारा टक्के

ह्या एका वाक्यासाठी लालमातींना माझ्याकडून थंडाई.

हार्टफर्डकर

नोकरीमुळे बरीच वर्षं हार्टफर्डमध्ये आहे. तो सामना झाला ते तेव्हाचं सिव्हिक सेंटर ऑफिसपासून चालत जाण्याच्या अंतरावर. तिथे आत गेलं की कळतं, इतक्या मोठ्या हॉलमध्ये एका माणसाने न पळता लक्ष वेधून घेणं काय असतं. असो, दारासिंगवर माझं मत नाही.

टीव्हीवरचा पहिला सामना हार्टफर्डचा हे बरोबर, पण कॅमेऱ्यासमोरचा पहिला नाही. तीन दिवस आधी, 19 नोव्हेंबरला, न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये मारिओ मान्चिनीबरोबर चित्रण झालं होतं, 'केन द अंडरटेकर' या नावाने. ते दाखवलं नंतर.

आणि समोर किरकोळच माणसं होती म्हणणाऱ्यांनी वर्षभराने काय झालं ते बघावं. 27 नोव्हेंबर 1991, डेट्रॉइट. तेव्हाचा चॅम्पियन हल्क हॉगनला टूमस्टोन, खाली रिक फ्लेअरने सरकवलेली खुर्ची, आणि विजेतेपदाचा पट्टा याच्याकडे. पदार्पणाला जेमतेम वर्ष झालेलं. त्यावरून हॉगनने मान दुखावल्याची तक्रार केली. कॅलवे अनेकदा सांगतो की त्याचं डोकं खुर्चीला लागलंच नव्हतं, आणि नवखा असल्यामुळे आपणच काहीतरी चुकलो म्हणून तो धास्तावला होता. चित्रण सावकाश करून बघा. हॉगनचं डोकं त्याच्या मांड्यांमध्ये, खुर्चीपासून चांगलं वर.

रिमोटवाली

पाहिलं. वीतभर अंतर आहे हो! आणि हा मानेला हात लावून कळवळतोय.

बारा टक्के

गेलेल्या माणसाबद्दल जपून. हॉगन नसता तर तुमच्या केबलवर ही जत्रा आलीच नसती. आणि तो पट्टाही अंडरटेकरकडे आठवडाभर राहिला. 3 डिसेंबरला सॅन अँटोनियोत डोळ्यात राख गेली आणि गेला परत. एवढा मोठा होता तर ठेवला का नाही?

जुनी केबल

कारण त्याला पट्ट्याची गरज नव्हती! आणि गेलेला माणूस म्हणून चित्रण बदलत नाही, बारा टक्के.

हे बघा, शेवटचं सांगतो आणि कामाला लागतो. 24 मार्च 1991, लॉस एंजेलिस, रेसलमेनिया 7. त्याच दिवशी याला सव्वीस पूर्ण. समोर जिमी स्नूका, दोरीवरून उड्या मारणाऱ्यांचा बाप. एकवीस विजयांच्या त्या मालिकेतला हा पहिला, आणि सगळा मिळून साडेचार मिनिटांचाही नाही. स्नूका उड्या मारतोय, पळतोय, चपळ आहे, आणि हा फक्त वाट बघतोय. स्नूका झेप घेतो, हा हवेतच झेलतो आणि तिथूनच टूमस्टोन. बाजूला पॉल बेअरर, हातात कलश. हा माणूस अंडरटेकरचा मॅनेजर व्हायच्या आधी परवाना असलेला, अंत्यविधीची व्यवस्था करणारा होता, म्हणजे त्या सगळ्या सोंगात कलश धरणारा तेवढा खरा. 2009ला शॉनबरोबर अर्धा तास रंगला तो सामना मलाही आवडतो. पण त्या अर्ध्या तासात तो उठून बसला की हॉल ओरडतो, ती उधारी 1991च्या दोन-दोन मिनिटांतून जमा झालेली आहे. तुमच्या त्या निळ्या चड्डीवाल्यांनी भरलेली.

बारा टक्के

मीन मार्कचा लुगरबरोबरचा सामना आत्ता बघून आलो. डाव येत होते, ठीक. म्हणजे येत असून केले नाहीत. गुन्हा वाढला.

निळ्या चड्डीवाल्यांबद्दल मात्र बरोबर बोललात. त्यांची नावंसुद्धा कोणाला आठवत नाहीत, आणि आठवड्याला आपटून घ्यायचे तेच. स्नूकाचा सामना परत बघेन. रटाळ वाटला तर इथेच येऊन सांगेन, तेव्हा उधारीची भाषा नको.

लालमाती

भाच्यानं दावला तो हार्टफर्डचा. डस्टी का कोण तो जाडा, बरा वाटला. तुमच्या अंडरटेकरचं गळा धरणं मात्र कच्चं. आमच्या वस्तादानं बघितलं तर कानाखाली वाजवंल, कोपर उघडं ठेवतो. उंची हाय, पायबी जड हायत. मातीत आणला असता तर सहा महिन्यात काहीतरी झालं असतं.

दारासिंगचं मिटलेलं न्हाई, नातवा.

वरळीचा नातू

वेगळा धागा काढा. आजोबांच्या ट्रंकेत त्या दंगलींची तिकिटं आहेत, फोटो टाकतो. मग बोलू.