मेडिकलची तपासणी: शटर खाली करायचं, की दुकान सुधारून घ्यायचं?

तापीकाठ, चोपडा
गेल्या मे महिन्यात आईचं इन्सुलिन आणायला गेलो. लाइट गेलेली, फ्रिज कधीचा बंद, बाहेर 44-45 अंश. न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं. काउंटरवरच्या पोराने कोमट खोकं हातात दिलं. फार्मासिस्ट कुठे विचारलं, तर म्हणे "सर जळगावला असतात". भिंतीवर नुसतं त्यांचं सर्टिफिकेट. मी घेतलं नाही, पण माझ्याआधी कितीजणांनी नेलं असेल? 1945 च्या औषध नियमांत नियम 65 स्पष्ट आहे: चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच द्यायचं. तपासणीत फार्मासिस्ट सापडला नाही, तर त्याच दिवशी विक्री थांबवा.

मेडिकलवाला, धडगाव
भाऊ, तुमचा राग समजतो. पण चोपड्यात एक बंद झालं तर पुढच्या चौकात दुसरं आहे. माझं 15 दिवस बंद राहिलं, तर तोरणमाळकडच्या माणसाने मिरगीची गोळी कुठून आणायची? ती गोळी चार दिवस चुकली की झटका येऊ शकतो. माझ्याकडच्या तपासणीत बिलं पाहिली, एच-वनचं, म्हणजे चिठ्ठीशिवाय न द्यायच्या खास औषधांच्या यादीचं रजिस्टर पाहिलं, दोन त्रुटी लिहून दिल्या. फ्रिजमध्ये थर्मामीटर ठेव, दिवसातून दोनदा वाच, हे मला कंपनीच्या माणसाने शिकवलं. त्रुटी दाखवा, महिन्याची मुदत द्या, परत येऊन बघा. सुधारलं नाही तर खुशाल निलंबित करा.

तापीकाठ, चोपडा
फ्रिज, मांडणी, मुदत संपलेला माल वेगळा ठेवणं, याला मुदत द्या, मान्य. एच-वनला नाही. 1 मार्च 2014 पासून त्या यादीतल्या औषधांची वेगळी नोंद ठेवायची आहे: डॉक्टर, रुग्ण, औषध, किती दिलं. ती 3 वर्षं जपायची. यादीत टीबीची औषधं आहेत, भारी अँटिबायोटिक्स आहेत. ती चिठ्ठीशिवाय अर्धी पट्टी कापून दिली, तर महिन्यानंतरच्या सुधारणेने त्या रुग्णाचं काय भलं होणार?

पारोळ्याचा
तापीकाठ भाऊ, तुमनं म्हननं खरं शे.

डीफार्म_शिरपूर
दोघांनाही विचारते. शिरपूर, धुळे, जळगाव, सगळीकडे फार्मसी कॉलेजं आहेत. मग फार्मासिस्ट मिळत नाही कसा? पास झाल्यावर मला पहिली विचारणा आली ती सर्टिफिकेट भाड्याने देण्याची. "तपासणी असली की फोन करू, तेवढ्यापुरतं या." मी नाही म्हणाले. महिन्याच्या भाड्यात सही मिळत असेल, तर पूर्ण पगार कोण देईल? तपासणीत सर्टिफिकेट नको, माणूस बघा. त्याला फ्रिज उघडायला सांगा, रजिस्टर वाचायला सांगा. पाच मिनिटांत कळतं.

मेडिकलवाला, धडगाव
ताई, भाड्याचं मीही कधी केलं नाही, स्वतःच डी.फार्म आहे. पण मी आजारी पडलो की दुकान बंद. दोन वर्षं माणूस शोधतोय, डोंगरात कोणी येत नाही. तुम्ही याल?

डीफार्म_शिरपूर
राहायला खोली, पगार बँकेत, आणि चिठ्ठी नसताना "नाही" म्हटलं तर तुम्ही माझ्या बाजूने उभे राहणार, एवढं असेल तर येईन. व्यक्तिगत निरोप पाठवते.