तर्री पोटात गेल्यावर काय होतं

वर एका दादांनी लिहिलंय की सावजी रश्श्यावरची तर्री, म्हणजे वर तरंगणारा तेलाचा तवंग, थेट नसांना चिकटते आणि वरून गरम पाणी प्यायलं की विरघळते. तसं होत नाही. तेल पाण्यात मिसळतच नाही, गरम असो की गार.

ते काम पित्ताचं. लहान आतड्यात पित्त तेलाचे बारीक थेंब करतं आणि स्वादुपिंडाचं लायपेज नावाचं पाचक विकर ते तोडतं. आतड्याच्या पेशी त्या तुकड्यांची पुन्हा चरबी जुळवतात, प्रथिनांच्या वेष्टनात भरतात आणि लसिकावाहिन्यांत (रक्तवाहिन्यांहून वेगळ्या, लसिका वाहणाऱ्या नळ्यांत) सोडतात. तिथून ती डाव्या बाजूला मानेच्या बुडाशी रक्तात उतरते. म्हणूनच भरपेट सावजी जेवणानंतर तीन-चार तासांनी काढलेल्या रक्ताचं सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) दुधाळ दिसू शकतं. ट्रायग्लिसराइडच्या, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या, तपासणीसाठी बहुतेकदा उपाशीपोटी बोलावतात ते यासाठीच.

साठवण मात्र नीट समजून घ्या. १ ग्रॅम चरबीत ९ कॅलरी, पिष्टात किंवा साखरेत ४. रश्श्यासोबत भात आणि वर संत्रा बर्फी झाली की इन्सुलिन वाढतं. ते चढलेलं असेपर्यंत चरबीपेशी साठवतच राहतात, फारसं सोडत नाहीत. नागपूरच्या फुटाळा तलावावर भरभर चालता तेव्हा स्नायू हीच चरबी जाळतात. बायपासची भीती घालण्यापेक्षा आपल्या माणसांना हे सांगा ना!