सल्ला हवा: सी भाषेत एकच बफर तीन थ्रेडना द्यायचा आहे, रेफरन्स काउंट कसा राखावा?

प्रश्नकर्ता, हिंगणा रोड, नागपूर

नमस्कार मंडळी. संत्र्यांची प्रतवारी करणाऱ्या पट्ट्यावरच्या कॅमेऱ्याचे सॉफ्टवेअर आम्ही तिघे मिळून सी भाषेत लिहीत आहोत. कॅमेऱ्याकडून आलेली प्रत्येक फ्रेम तीन थ्रेडना (एकाच प्रोग्रॅममध्ये समांतर चालणाऱ्या कामांना) लागते: एक फळाचा रंग आणि आकार तपासतो, दुसरा चित्र पडद्यावर दाखवतो आणि तिसरा ते डिस्कवर साठवतो. फ्रेम १९२० × १०८० पिक्सेलची असून प्रत्येक पिक्सेलला दीड बाइट लागतो, म्हणजे एका फ्रेमला ३१,१०,४०० बाइट, आणि सेकंदाला २५ फ्रेम येतात. तिघांना वेगवेगळ्या प्रती द्यायच्या म्हटले, तर सेकंदाला सुमारे २३३ मेगाबाइट नुसत्या नकलेत खर्च होतात आणि आमचा छोटा एआरएम बोर्ड तेवढ्यातच धापा टाकू लागतो. म्हणून बफर (फ्रेम ठेवण्याची मेमरी) एकच ठेवला, तो किती जण वापरत आहेत हे मोजणारा साध्या इंट (पूर्णांक) प्रकारचा गणक, म्हणजेच रेफरन्स काउंट, त्याच्या सुरुवातीला ठेवला, आणि गणक शून्यावर आला की फ्री करावे, म्हणजे मेमरी परत द्यावी, असे ठरवले.

दिवसातून एकदोनदा प्रोग्रॅम कोसळतो. मे महिना असल्यामुळे बोर्ड तापून रॅम बिघडली असावी, असे समजून आम्ही दोन पंखे लावले आणि शेवटी बोर्डही बदलून पाहिला, परंतु फरक पडला नाही. प्रत्येक वेळी लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारे कुलूप) घेणे हाच उपाय आहे का? शिवाय पुढे फळ तपासणारा भाग वेगळ्या प्रोसेसमध्ये (स्वतंत्र चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) न्यायचा आहे. तेव्हा हाच गणक शेअर्ड (सामायिक) मेमरीत ठेवावा का? आंबिया बहाराचा माल सुरू होण्याआधी हे मार्गी लावायचे आहे.

उत्तर, धरमपेठ

ऊन निर्दोष आहे. साध्या इंटमध्ये एक मिळवणे म्हणजे वाचणे, वाढवणे आणि परत लिहिणे अशा तीन पायऱ्या असतात. दोन थ्रेड एकाच वेळी त्यात शिरले, तर एकाची नोंद पुसली जाते आणि बफर कोणाच्या तरी हातात असतानाच फ्री होतो. व्होलाटाइल (किंमत दर वेळी मेमरीतूनच वाच, असे कम्पायलरला सांगणारा शब्द) लिहून हे सुटत नाही, याची आधीच नोंद घ्यावी, कारण पुढचा सल्ला बहुधा तोच मिळेल.

सी ११ या भाषेच्या प्रमाणात आलेले ॲटॉमिक प्रकार वापरा; त्यांत या तीन पायऱ्या मिळून एकच अखंड कृती होते. केवळ गणकासाठी लॉकची गरज नाही. गणक वाढवताना रिलॅक्स्ड क्रम (इतर वाचन-लेखनाच्या क्रमाचे बंधन नसलेला) पुरतो, कारण वाढवणाऱ्याच्या हातात आधीच एक संदर्भ (रेफरन्स, म्हणजे गणकात मोजलेला बफरवरचा हक्क) असतो आणि त्यामुळे बफर जिवंत असण्याची खात्री असते. कमी करताना मात्र रिलीज हवा, म्हणजे त्या थ्रेडने बफरवर केलेले सारे वाचन-लेखन त्या वजाबाकीच्या आधी पूर्ण झालेले असते. आणि शेवटच्या थ्रेडला फ्री करण्यापूर्वी ॲक्वायर हवा, म्हणजे इतरांचे ते काम त्याच्या दृष्टीने झालेले असते. इंटेल प्रोसेसरवर येथील चूक बहुधा दडून राहते. एआरएमवर ती कधीतरी बाहेर येतेच.

आणखी एक ठिकाण तपासा. वजाबाकीचे फंक्शन जी जुनी किंमत परत देते, ती १ असेल तरच तुम्ही शेवटचे आहात. आधी वजा करून मग गणक पुन्हा वाचला, तर दोघांना एकदमच शून्य दिसू शकते आणि दोघेही फ्री करतात.

उत्तर, प्रतापनगर

वरील उत्तर बरोबर आहे, परंतु गणक ॲटॉमिक केला म्हणजे काम संपले असे मानू नये. माझ्या अनुभवात अशा दहांपैकी आठ चुका हिशेबाच्या नसून हक्काच्या असतात. संदर्भ कोणाच्या नावावर आहे, हे प्रत्येक फंक्शनच्या वर एका ओळीत लिहून ठेवा. रांगेत फ्रेम टाकणाऱ्याने घेणाऱ्याच्या वतीने गणक आधी वाढवावा आणि मगच ती रांगेत टाकावी. घेणारा उचलल्यावर वाढवेल असे ठेवले, तर मधल्या काळात त्या फ्रेमला कोणी वाली उरत नाही.

तुमच्याकडे ‘सर्वांत ताजी फ्रेम’ दाखवणारा एखादा ग्लोबल पॉइंटर (सर्व थ्रेडना दिसणारा, मेमरीचा पत्ता ठेवणारा चल) आहे का? असेल तर संशय तिथेच घ्या. पॉइंटर वाचणे आणि गणक वाढवणे या दोन कृती आहेत, आणि त्यांच्यामध्ये कॅमेऱ्याचा थ्रेड जुनी फ्रेम सोडून मोकळा होतो. ‘शून्य नसेल तरच वाढव’ ही युक्तीही येथे एकटी पुरत नाही, कारण ज्या मेमरीतला गणक तपासायचा, ती मेमरीच तोवर गेलेली असू शकते. एवढ्या जागेपुरता लॉक खुशाल घ्या: वाचणे व वाढवणे एका लॉकखाली, आणि पॉइंटर बदलणेही त्याच लॉकखाली.

लिहिण्याचा नियमही ठरवून टाका. एफएफएमपेग या व्हिडिओ हाताळणाऱ्या लायब्ररीच्या बफरांत गणक १ असेल तरच लिहिण्याची मुभा असते, नाहीतर आधी स्वतःची प्रत करून घ्यावी लागते. ही शिस्त जशीच्या तशी उचलण्यासारखी आहे. सेकंदाला २५ वेळा मॅलॉक (मेमरी मागणे) आणि फ्री करण्यापेक्षा आठ-दहा बफरांचा साठा ठेवून शून्यावर आलेला बफर साठ्यात परत टाकावा. त्याचा आणखी एक फायदा असा की कोणी संदर्भ सोडायला विसरला, तर साठा अर्ध्या सेकंदात रिकामा होतो आणि चूक लगेच उघडी पडते.

प्रश्नकर्ता

सापडले. पडदा दाखवणारा थ्रेड अगदी असाच ग्लोबल पॉइंटर वाचत होता. लॉक घातल्यापासून तीन दिवस प्रोग्रॅम पडलेला नाही. एक शंका: थ्रेड सॅनिटायझर (थ्रेडमधल्या अशा चुका शोधणारे साधन) लावून कम्पाइल केल्यावर जीसीसी हा कम्पायलर फेन्सबद्दल इशारा देतो (शेवटचा ॲक्वायर मी फेन्स, म्हणजे क्रम राखणारी स्वतंत्र सूचना, वापरून घातला आहे), तो सोडून द्यावा का?

उत्तर, धरमपेठ

सोडू नका. त्या साधनाला स्वतंत्र फेन्स कळत नाही, त्यामुळे ते खोट्या तक्रारी करते. फेन्स काढून वजाबाकीलाच ॲक्वायर-रिलीज क्रम द्या. तीन मेगाबाइटच्या फ्रेमपुढे त्याचा खर्च नगण्य आहे.

उत्तर, मनीषनगर

वेगळ्या प्रोसेसबद्दल कोणी बोलले नाही, म्हणून लिहितो. सामायिक मेमरीत गणक ठेवता येतो, पण ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. थ्रेड कोसळला तर सगळा प्रोग्रॅमच जातो आणि हिशेबही त्याच्याबरोबर जातो. प्रोसेस कोसळली तर तिने घेतलेला संदर्भ गणकात तसाच राहतो आणि तो बफर कायमचा अडकतो. रोबस्ट म्युटेक्स हा लॉकचा प्रकार लॉकधारक मेला हे सांगतो, पण त्याच्याकडे किती संदर्भ होते हे सांगत नाही.

त्याऐवजी हिशेब कॅमेऱ्याच्या प्रोसेसकडेच ठेवा. लिनक्सच्या ३.१७ आवृत्तीपासून मेमएफडी क्रिएट हे मेमरीतच फाइल बनवणारे फंक्शन आहे. त्याने साठ्याची मेमरी तयार करून तिचा फाइल डिस्क्रिप्टर (उघडलेल्या फाइलचा क्रमांक) युनिक्स सॉकेटवरून (एकाच यंत्रावरच्या प्रोसेसना जोडणाऱ्या वाहिनीवरून) दुसऱ्या प्रोसेसला द्या. पुढे फक्त ‘पाच क्रमांकाची फ्रेम घे’ आणि ‘पाच क्रमांकाची सोडली’ एवढेच निरोप जातील. सॉकेट तुटला की त्या ग्राहकाच्या नावावरचे सारे संदर्भ तुम्ही वजा करायचे. कर्नल डिस्क्रिप्टर मोजतो हे खरे, पण तो मेमरी केव्हा परत घ्यायची एवढेच ठरवतो; बफरमध्ये पुढची फ्रेम केव्हा लिहायची, हे त्याला ठाऊक नसते.

सामायिक भागात पॉइंटर ठेवू नका. दोन प्रोसेसमध्ये तीच मेमरी वेगवेगळ्या पत्त्यांवर बसू शकते, म्हणून सुरुवातीपासूनचे अंतर साठवा.

प्रश्नकर्ता

हाच मार्ग घेतो. मेमरीचा आकार चुकून कमी झाला तर?

उत्तर, मनीषनगर

वाचणाऱ्या प्रोसेसला सिगबस (नसलेली मेमरी वाचल्याचा कर्नलचा संकेत) येईल आणि ती मरेल. मेमएफडी तयार करतानाच सील करण्याची (पुढचे बदल कायमचे बंद करण्याची) परवानगी मागा आणि आकार ठरवल्यावर आकुंचनाविरुद्धचे सील लावून मगच डिस्क्रिप्टर पाठवा.