मदत हवी आहे: कौलं उतरवल्यावर तुळई कुजलेली निघाली

कसबा पेठेतल्या आमच्या जुन्या घराची मंगलोरी कौलं बदलायला घेतली. रिपा (कौलांखालच्या लाकडी पट्ट्या) काढल्यावर दिसलं, पन्हाळीकडच्या सागवानी तुळईचं भिंतीत गेलेलं टोक कुजलंय. वरचा रंग शाबूत, पण स्क्रूड्रायव्हर दोन इंच सहज आत जातो. असं साधारण दीड फूट आहे. पुढे ठोकलं की आवाज भरीव येतो. तुळई दहा फुटी. मातीच्या नळ्या कुठेच नाहीत, त्यामुळे वाळवी वाटत नाही. लाकूड ओलसर आहे, त्याचे चौकोनी तुकडे पडतात.

गळकी पन्हाळ बदलली. तुळईखाली जॅक लावलेत, वर ताडपत्री आहे. आई खालच्याच खोलीत राहते, त्यामुळे जीव टांगणीला लागलाय.

सुतार म्हणतो, अख्खी तुळई बदला. पण त्यासाठी माती-विटांची भिंत फोडावी लागेल, ती मला अजिबात हलवायची नाही. ठेकेदार म्हणतो, कुजका भाग कापून दोन्ही बाजूंनी लोखंडी चॅनल (C आकाराचे लांब तुकडे) बोल्टने आवळू. स्ट्रक्चरल इंजिनिअर शनिवारी बघायला येतील, पाऊस तोंडावर आहे.

असा जोड कुणी केला असेल तर सांगा: चॅनल चांगल्या लाकडावर किती फूट पुढे नेला, आणि भिंतीतल्या टोकाला पुन्हा ओल धरू नये म्हणून काय केलंत?