आप्पांची पार्किन्सनची गोळी दुपारी लागूच पडत नाही, खायला काय द्यावं?

तापीकाठ:
आम्ही चोपड्याकडचे. आप्पांना ४ वर्षांपासून पार्किन्सन आहे, लेव्होडोपाची गोळी दिवसातून चार वेळा. सकाळची बरी चालते पण दुपारी जेवल्यावरची लागतच नाही, परवा ताटावरून उठले आणि उंबऱ्याशी पाय जमिनीला चिकटल्यासारखे झाले, मी हात धरून उभी, त्यांना पाऊलच उचलता येईना. दुपारी कळण्याची भाकरी, उडदाची डाळ आणि वाटीभर दही त्यांना लागतंच. त्यात पोट चार-चार दिवस साफ नाही. कोणाच्या घरी असं असेल तर प्लीज सांगा.

केळीबाग:
ताई, माझ्या आईचं अगदी हेच होतं. ही गोळी आणि प्रोटीन आतड्यातून रक्तात जायला एकच वाट धरतात, मेंदूत शिरतानाही तसंच, त्यामुळे गोळी मागे राहते. आणि कळणा म्हणजे ज्वारीत उडीदच की, वरून परत उडदाची डाळ! आम्ही डॉक्टरांना विचारून गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास नुसत्या पाण्यासोबत द्यायला लागलो, दुपारी दादर ज्वारीची भाकरी नि गिलक्याची भाजी, डाळ-दही-कळणा सगळं रात्री. डाळ-दही बंद मात्र अजिबात करू नका, आम्ही आधी तेच केलं, दोन महिन्यात आईचे ब्लाउज ढगळ झाले. आठ दिवस वहीत लिहा, गोळी कधी, काय खाल्लं, पाय कधी अडकले, आणि ती वही न्यूरोच्या डॉक्टरांना दाखवा.

बोदवडकर:
रक्तवाढीची लोहाची गोळी चालू असेल तर तिच्यात नि ह्या गोळीत किमान दोन तास ठेवा. मळमळलं तर सोबत अर्धं केळं चालतं, दूध नको. पोट साफ होत नाही म्हणता तर पाणी बघा, आमचे नाना संडास-बाथरूमला उठावं लागेल म्हणून पाणीच प्यायचे नाहीत, मग तांब्या भरून उशाशी ठेवला, दुपारपर्यंत संपवायचाच. पाणी पिताना ठसका लागत असेल तर डॉक्टरांना लगेच सांगा, ते अंगावर काढू नका. आणि कोणी खाजकुइलीची पावडर सुचवली तर मनाने देऊ नका, तिच्यात लेव्होडोपाच असतं, डोस वर-खाली होतो.

तापीकाठ:
भाऊ, ताई, खूप आभार. आत्ताच विचारलं तर आप्पा दुपारची गोळी जेवण झाल्यावर दुधासोबत घ्यायचे, आम्हाला माहीतच नव्हतं. वही आजपासून सुरू केली, सोमवारी डॉक्टरांकडे घेऊन जाते. रात्री कळणा मिळेल म्हटल्यावर लगेच कबूल झाले, फक्त सोबत ठेचा हवा म्हणे.