उघड्या मैदानावरील कार्यक्रमात फॉलो स्पॉट कसा चालवावा?

प्रश्न (लातूर) : आमच्या मंडळाचा लावणी आणि गोंधळाचा कार्यक्रम जत्रेनिमित्त उघड्या मैदानावर होणार असून डिस्चार्ज दिव्याचा (वायूतून वीज जाऊन पेटणाऱ्या दिव्याचा) फॉलो स्पॉट, म्हणजे कलाकाराच्या मागे फिरवायचा प्रकाशझोत, लाईटवाल्याकडून भाड्याने घेतला आहे. तालमीत नर्तकी विंगेतून आल्यावर प्रकाश उशिरा पोहोचतो, चालताना थरथरतो आणि चेहरा निळसर दिसतो. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (छत्रपती संभाजीनगर) : उशीर होण्याचे कारण बहुधा हातात नसून तयारीत असते. प्रवेश कोणत्या विंगेतून आणि ढोलकीच्या कोणत्या तोड्यावर आहे, हे आपणांस नर्तकीइतकेच पाठ असावे. शटर (प्रकाश अडवणारी झडप) बंद ठेवून स्पॉट आधीच त्या विंगेकडे रोखावा आणि ती दिसताच शटर उघडावे. मात्र अंधारात नेम चुकू नये म्हणून तालमीतच आयरिस (प्रकाशाचे वर्तुळ लहान-मोठे करणारी पाकळ्यांची झडप) अगदी लहान करून ठिपका कुठे पडतो ते पाहावे व स्टँडवर चिकटपट्टीने खूण करावी. थरथर थांबवण्यासाठी स्टँडचे स्क्रू थोडे आवळावेत, म्हणजे स्पॉटला किंचित अडसर राहतो, आणि केवळ मनगटाने न फिरवता कमरेतून वळावे. ज्या मचाणावर स्पॉट आहे, त्यावर दुसऱ्या कोणालाही चढू देऊ नये.

उत्तर २ (परभणी) : निळसरपणाचे कारण असे की डिस्चार्ज दिव्याचा प्रकाश साधारण ५६०० केल्विन (प्रकाशाच्या रंगछटेचे माप; आकडा जितका मोठा तितका प्रकाश निळसर) किंवा त्याहून अधिक असतो, तर पिवळसर हॅलोजनचा ३२०० केल्विनच्या आसपास. मंचावर हॅलोजन असतील तर स्पॉटला फिकट अंबर करेक्शन जिलेटिन (निळसरपणा कमी करणारा पिवळसर पारदर्शक कागद) लावावे. एलईडी पार (मंचावरचे एलईडी दिवे) असतील तर आधी त्यांचा पांढरा रंग पाहून ठरवावे. जनरेटरबाबत अधिक सावध राहावे, कारण विजेचा दाब घसरून दिवा विझला तर तो थंड होईपर्यंत पुन्हा पेटत नाही. म्हणून स्पॉटची वीजलाईन साऊंडपासून वेगळी घ्यावी, ती डिमरवर (प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या यंत्रावर) कधीही देऊ नये, दिवा काही मिनिटे आधी पेटवावा आणि मधल्या विरामात तो न विझवता फक्त शटर बंद करावे.

उत्तर ३ (नांदेड) : वरील दोन्ही उत्तरांशी सहमत आहे, तरी प्रकाशाच्या वर्तुळाच्या आकाराचा मुद्दा राहिला. निवेदकासाठी डोके व खांदे पुरतात, पण लावणीत घुंगरांचे पाय अंधारात ठेवणे हा मला तरी अन्यायच वाटतो. तेथे डोक्यापासून पायांपर्यंत पूर्ण वर्तुळ हवे आणि अदाकारीच्या ओळीला ते सावकाश छातीपर्यंत आणावे. गोंधळात संबळवाला एका जागी असतो आणि गोंधळी फिरतो, त्यामुळे कोणाच्या मागे जायचे हे दिग्दर्शकाने आधीच सांगावे. कडा किंचित मऊ ठेवल्यास लहानसहान चूक प्रेक्षकांच्या नजरेत येत नाही. कार्यक्रम संपल्यावर दिवा बंद करून पंखा मात्र चालू ठेवावा आणि यंत्र पुरेसे थंड झाल्यावरच वायर काढून ते मचाणावरून उतरवावे. लाईटवाल्याची माणसे घाई करतील, त्यांना थांबवावे.