गुणी कलावंत, व्यसन आणि घरची माणसे : अनुभव धागा

मध्यलय

गेल्या आठवड्यात माझ्या यजमानांच्या एका शिष्याने एका जुन्या कॅसेटचे ध्वनिमुद्रण संगणकावर उतरवून मला पाठवले. नव्वदच्या दशकात नगरला झालेल्या एका बैठकीतला त्यांचा स्वतंत्र तबला त्यात आहे. विलंबित तीनतालातला पेशकार, म्हणजे वादनाची सुरुवातीची मांडणी, इतका संथ आणि निश्चिंत आहे की, या माणसाला कसलीच घाई नसावी, असे ऐकणाऱ्याला वाटेल. त्या दिवशी सकाळी त्यांच्या हातात चहाचा कप ठरत नव्हता आणि संयोजकांच्या गाडीत बसण्यापूर्वी त्यांनी घेतली तेव्हा कुठे हात स्थिर झाला, हे त्या ध्वनिमुद्रणात कुठेच ऐकू येत नाही.

रोज पिणाऱ्याच्या शरीरातले मद्य उतरू लागले की हात थरथरतात आणि पुन्हा घेतली की थांबतात. बैठकींच्या जगात याचा अर्थ ‘घेतल्यावर यांचा हात चांगला चालतो’ असा लावला जातो आणि वादकाचाही त्यावर विश्वास बसतो. मुळात तो कंप दारूनेच दिलेला असतो.

ते आता अनेक वर्षे दारूपासून दूर आहेत आणि घरी शिकवतात. हे ध्वनिमुद्रण ऐकताना मात्र त्या काळातली एक गोष्ट पुन्हा टोचली. त्यांच्याभोवती जमणारी मंडळी प्रेमळ होती, पण त्यांची सारी धावपळ संध्याकाळची बैठक पार पडावी एवढ्यासाठीच असे. त्यांना उठवणे, लिंबूपाणी पाजणे, मागच्या दाराने आत नेणे, हे सारे तबल्यासाठी चालले होते. तबला बाजूला ठेवून या माणसाचे काय होणार, असे मला पहिल्यांदा विचारले ते पुण्याच्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रातल्या एका समुपदेशक बाईंनी. डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ मध्ये सुरू केलेल्या त्या केंद्रात ते कुणी उस्ताद नव्हते. इतरांबरोबर ते झाडलोट करत होते, आणि माझ्या मते त्यांना पहिला दिलासा त्यातूनच मिळाला.

ज्यांच्या घरात असा गायक किंवा वादक आहे किंवा होता, त्यांनी येथे लिहावे, अशी विनंती आहे.

माणदेशी

आमच्याकडे दारूचा हिशेब उचलीत होत असे. माझे थोरले बंधू तमाशाच्या फडात ढोलकी वाजवत. हंगाम सुरू होण्यापूर्वी फडमालकाकडून उचल घ्यायची, ती घरी पोहोचण्याआधीच निम्मी संपायची, आणि ती फिटेपर्यंत पुढच्या हंगामाची उचल घेतलेली असायची. गणापासून वगापर्यंत रात्रभर ढोलकी वाजवायची, पहाटे ट्रकमध्ये बसून पुढच्या जत्रेचे गाव गाठायचे आणि झोप यावी म्हणून प्यायची, असा तो क्रम होता. त्यांची ढोलकी ऐकायला पाच-पाच गावांची माणसे येत आणि खूश झालेले पाटील नोटेबरोबर बाटलीही पाठवत.

माझ्या वहिनींनी एक धाडस केले. नारायणगावला गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे पुढारी जत्रेच्या सुपाऱ्या द्यायला येतात. त्या वेळी त्या थेट फडमालकाच्या राहुटीत गेल्या आणि यापुढे निम्मे पैसे आपल्या हाती द्यावेत, असे त्यांनी चारचौघांत सांगितले. बंधू महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. पण मुलांची शाळा सुटली नाही ती त्या पैशामुळेच.

वाचनमात्र

मध्यलयताई, दारू सोडल्यानंतर त्यांनी पहिल्यांदा वाजवले तेव्हा काय झाले, हे कृपया लिहाल का? आमच्या घरी सर्वांत मोठी भीती तीच आहे.

पायपेटी

माझे वडील संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करत. ज्या पदाला गायक नट दोनदा ‘वन्स मोअर’ घेई, त्या पदात तिसऱ्यांदाही ते नवी जागा काढून देत. त्यांच्या अखेरच्या वर्षांत नातेवाइकांनी आमच्या आईला न विचारता एका खासगी व्यसनमुक्ती केंद्राला बोलावले. रात्री चार माणसे आली आणि वडिलांना अंगावरच्या कपड्यांनिशी उचलून घेऊन गेली. तेथे मारहाण होत असे. ते परत आले ते पूर्वीहून जास्त भ्यालेले होते आणि आठवड्यात पुन्हा पिऊ लागले.

ज्यांच्या घरी आज ही वेळ आली आहे त्यांच्यासाठी सांगते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात व्यसनाधीनताही येते. रुग्णाच्या संमतीशिवाय दाखल करायचे असेल तर त्याला ठरलेल्या अटी आहेत, तज्ज्ञांची तपासणी आवश्यक आहे आणि रुग्णाला दाद मागण्याचा हक्क आहे. रात्री माणसे पाठवून उचलून नेणारे केंद्र या कशातही बसत नाही. केंद्र निवडताना तेथे डॉक्टर प्रत्यक्ष किती वेळ असतात आणि घरच्यांना रुग्णाला भेटू देतात का, हे दोन प्रश्न तरी विचारावेत.

दुसरी गोष्ट ‘न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिरातींची. त्या पुड्यांमध्ये काय असते हे जाहिरातीत लिहिलेले नसते. डायसल्फिराम हे औषध डॉक्टर देतात ते रुग्णाला सांगून आणि त्याच्या संमतीनेच, कारण ते पोटात असताना मद्य घेतले तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते. आमटीत मिसळून असे काही देणे म्हणजे ज्याला वाचवायचे त्याच्या जिवाशी खेळणे आहे. शिवाय ते उघडकीस आल्यावर तो घरातल्या पाण्यावरही विश्वास ठेवत नाही.

सरोवराकाठी

माझा मुलगा शिकागोत सॅक्सोफोन वाजवतो. मनगटाच्या दुखापतीनंतर मिळालेल्या वेदनाशामक गोळ्यांपासून त्याचे व्यसन सुरू झाले आणि पुढे ते त्या गोळ्यांपुरते राहिले नाही. भारतातल्या नातेवाइकांना मी ‘त्याची तब्येत बरी नसते’ एवढेच सांगते, कारण ‘जॅझमध्ये हे चालायचेच’ हे वाक्य मला पुन्हा ऐकायचे नाही.

हे वाक्य किती जुने आहे आणि त्याने किती मुले खाल्ली, हे मी मुलामुळे वाचत गेले. १९४० च्या दशकात चार्ली पार्कर या अमेरिकी जॅझ सॅक्सोफोनवादकासारखे वाजवायचे म्हणून कित्येक तरुण हेरॉइनकडे वळले. खुद्द पार्करने नशेने वादन सुधारते ही कल्पना जाहीरपणे खोडून काढली होती, आणि १९५५ मध्ये तो केवळ ३४ व्या वर्षी गेला. त्याच वर्षी सॉनी रॉलिन्स हा दुसरा सॅक्सोफोनवादक केंटकीतल्या लेक्सिंग्टनच्या सरकारी रुग्णालयात उपचारांसाठी दाखल झाला. नशा सुटली की वादनही जाईल, अशी भीती त्यालाही होती. तेथून बाहेर पडल्यावर तो ज्या वाद्यवृंदात गेला, त्यातला क्लिफर्ड ब्राउन हा ट्रम्पेटवादक कसलीही नशा न करता अप्रतिम वाजवत असे. दुर्दैवाने १९५६ मध्ये अपघातात तो गेला तेव्हा जेमतेम २५ वर्षांचा होता. रॉलिन्सचे उत्तम काम मात्र व्यसन सुटल्यानंतरचे आहे. मुलाला पार्करच्या गोष्टी सांगणारे पुष्कळ भेटले, ब्राउनची गोष्ट सांगणारे फार थोडे.

माझा मुलगा सध्या ब्युप्रेनॉर्फिन हे अफूजन्य पदार्थांच्या व्यसनावरचे औषध घेतो. ‘एक नशा सोडून दुसरी धरली’ असे म्हणणाऱ्यांना मी आता उत्तर देते की, त्या औषधाने त्याची तलफ आवरते, तो कामावर जातो आणि सकाळी माझा फोन उचलतो. नॅलोक्सोनचा नाकात मारायचा फवारा मी पर्समध्ये बाळगते. २०२३ पासून अमेरिकेत तो चिठ्ठीशिवाय मिळतो आणि अफूजन्य पदार्थांच्या अतिसेवनाने श्वास थांबत असेल तर प्राण वाचवू शकतो. मुलासाठी असे काही जवळ बाळगावे लागणे काय असते, हे या धाग्यावर समजावून सांगावे लागणार नाही, म्हणूनच लिहिले.

फोंडेकर

सरोवराकाठी, तुमच्या मुलाला मनापासून शुभेच्छा. माझे काका देवळात पेटी वाजवत आणि शुक्रवारच्या भजनात त्यांच्यावाचून पान हलत नसे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या स्वमदत गटाची सभा जवळच्या चर्चच्या खोलीत भरे. तेथे जाणे घरात काहींना पसंत नव्हते, पण काकूंनी सर्वांना गप्प केले आणि दर सभेला त्या स्वतः बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या.

भूपेश्वरी

येथे बहुतेकांनी सोबत राहिल्याचे लिहिले आहे. मी सोबत राहिले नाही. माझे लग्न एका ख्यालगायकाशी झाले होते, त्यांचे नाव लिहिणार नाही. त्यांच्या गळ्यातला मध्यम स्वर ऐकला की आजही माझे हातातले काम थांबते. मुलगी लहान असताना रात्री कोणत्या अवस्थेत दार वाजेल याची वाट पाहण्यात मी माझी उमेदीची वर्षे घालवली आणि मग वेगळी झाले. त्यावर गानरसिकांनी मला जे ऐकवले ते फार क्रूर होते. एवढ्या मोठ्या कलावंताला मी सांभाळू शकले नाही, असे ज्यांनी म्हटले त्यांच्यापैकी कुणीही त्यांना एक रात्रसुद्धा स्वतःच्या घरी ठेवून घेतले नव्हते.

वेगळी झाल्यावरही मी त्यांना डॉक्टरांकडे नेले, औषधांचे पैसे दिले आणि मुलीला त्यांच्या मैफलीला पाठवले. एकाच घरात राहूनच प्रेम करता येते, असे मी मानत नाही.

मध्यलय

भूपेश्वरीताई, तुम्ही हे लिहिले याबद्दल तुमचे आभार मानावेत तेवढे थोडे आहेत. मुक्तांगणमध्ये पत्नींसाठी ‘सहचरी’ नावाचा गट चालतो. तेथेही वेगळ्या झालेल्या स्त्रियांना कुणी दोष देत नसे.

वाचनमात्र, तुमच्या प्रश्नाचे उत्तर लांबणार आहे. उपचारानंतर सुरुवातीला त्यांनी तबल्यावरची गवसणीही काढली नाही. बोटांची टोके बधिर झाली होती आणि चाटीवरचा ‘ना’ नेहमीच्या जागी लागत नव्हता. दीर्घकाळच्या मद्यपानाने आणि त्यासोबतच्या कुपोषणाने मज्जातंतूंना इजा होते, विशेषतः ब-१ जीवनसत्त्व कमी पडते, असे डॉक्टरांनी सांगितले. गोळ्या, पुरेसे जेवण आणि वेळ यांनी ते बरेच सुधारले, पूर्ण नाही. त्यांच्या गुरूंनी त्यांना पुन्हा पहिल्या कायद्यापासून, म्हणजे तबल्यातल्या पायाभूत रचनेपासून, तोही ठाय म्हणजे संथ लयीत, रियाज करायला लावला. पहिली बैठक एका शाळेच्या सभागृहात होती आणि साथ एका नवख्या गायिकेला करायची होती. पूर्वी त्यांना रंगमंचाची भीती वाटते हे कुणालाच ठाऊक नव्हते, कारण ती दारूखाली झाकलेली होती. त्या दिवशी ती उघडी पडली, त्यांना घाम फुटला आणि दोन ठिकाणी त्यांनी केवळ ठेका धरून ठेवला. घरी आल्यावर ते म्हणाले, “अगं, आज मला सगळी बैठक आठवते आहे.”

जुन्या रसिकांपैकी काहींचे आजही म्हणणे आहे की, पूर्वीची आग आता उरली नाही. मला स्वतःला आताचा हात अधिक गोड वाटतो, पण तो अधिक गोड नसता तरी चालले असते.

रसिक_संयोजक

मी कोल्हापूर भागातल्या एका लहान संगीत मंडळाचे काम पाहतो. बैठकीनंतर कलाकाराची ‘सोय’ करण्याची पद्धत आमच्याकडे होती, ती मंडळाने ठराव करून बंद केली. काही कलाकार दुखावले, पण एका बुजुर्ग सारंगियांनी जाताना माझा हात हातात घेऊन आभार मानले. नाही म्हणणे त्यांना जमत नव्हते, ते आमच्या ठरावाने झाले. पंडित भीमसेन जोशी यांनी दारू सोडली आणि त्यानंतरही ते किती वर्षे गायले, हे महाराष्ट्राने पाहिलेले आहे, तरीही ‘पेल्याशिवाय सूर लागत नाही’ असे म्हणणारे अजून भेटतात.

माणदेशी, बिदागी पत्नीच्या हाती द्यावी हे मात्र मला पटत नाही. त्यात कलावंताचा मान जातो.

माणदेशी

मान जातो, हे खरे आहे. उचलीच्या पैशासाठी बंधूंनी वहिनींचे मंगळसूत्र गहाण टाकले होते, तेव्हा वहिनींचाही गेला होता. पुढे बंधूंनी पंढरपूरला माळ घातली, काही काळाने उतरवली आणि पुन्हा घातली. आता ते कीर्तनात मृदंग वाजवतात आणि पाकीट स्वतःच वहिनींकडे देतात. तुम्ही कलाकाराला आधी विचारून पैसे थेट बँकेत भरू शकता, म्हणजे दोघांचाही मान राहील.

वाचनमात्र

सर्वांचे आभार. माझे पती व्हायोलिन वाजवतात. काल ते स्वतःहून म्हणाले की, उद्यापासून एकदम बंद करतो. आम्हाला आनंद झाला आहे, पण येत्या दिवसांत त्यांचे कार्यक्रम ठरलेले आहेत आणि संयोजकांना काय सांगावे, ते कळत नाही.

पायपेटी

एकदम बंद करू देऊ नका, आधी डॉक्टरांना भेटा. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक सोडल्यास पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान भ्रम होऊन जिवाला धोका निर्माण होऊ शकतो. हे रुग्णालयात औषधांनी सुरक्षितपणे करता येते. कुणाकडे जावे हे ठाऊक नसेल तर व्यसनमुक्तीसाठीची १४४४६ ही निःशुल्क राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

मध्यलय

संयोजकांना मी एवढेच सांगत असे : ‘त्यांची प्रकृती बरी नाही, उपचार सुरू आहेत आणि ते पुन्हा कधी वाजवतील हे डॉक्टर ठरवतील.’ यात एकही शब्द खोटा नाही, त्यामुळे पुढे काही लक्षात ठेवावे लागत नाही.

रसिक_संयोजक

वाचनमात्र, कार्यक्रमांच्या तारखा आणि गावे मला निरोपातून कळवा. त्या त्या ठिकाणी दुसरे व्हायोलिनवादक मिळवून देण्याची जबाबदारी माझी. तुम्ही आधी डॉक्टरांकडे जा.